फोटोवाल्यानं माझ्या नातीचा रंगच बदलला

बायांनो, आज नवी पेठेत माझं डोकं लई फिरलं.

नात स्वातीचा फोटो स्थळाला पाठवायचा हाय. फोटोवाल्यानं तोंडावर फ्लॅश मारला आन् कॉम्प्युटरवर तिला पिठात बुडवल्यावानी गोरी केली. पोरीचे डोळेच भरले.

"ही कुणाची पोर रं?"

"आजी, सगळे असंच मागतात की!"

"मी मागितलं व्हय? आमची सावळी हाय!"

फोटो तितंच टाकला. घरी दिवे बंद केले, स्वातीला दारात उजेडाकडं बसवलं. सावलीच्या अंगाला आमच्या ह्यांना पांढरं धोतर पसरून उभं केलं, म्हंजी दुसऱ्या गालावर बी उजेड पडतो. ह्यांचा अवतार बघून पोर हसली, तवाच मोबाईल दाबला. काय गोड आलीया!

हाच पाठवणार. गोरी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं माझ्या पोरीनं का मान खाली घालावी, सांगा की?