वालेग्वाआत्याची चूळ

गावात कुणाचं काही बिघडलं की माणूस आधी वालेग्वाआत्याच्या दारात. वैदू नव्हती हो ती, रागीट होती. म्हणजे तशी ख्याती होती. तरुणपणी एकदा जावेचं शिजतं भांडं तिनं अंगणात भिरकावलं होतं, आणि आमच्या ताइताच्या डोंगरात तेवढं भांडवल जन्मभर पुरतं.

घरातल्या-शेजारच्या थोरल्यानं पोटात राग धरला की तो लहानग्यांना, गुराकोंबड्यांना बाधतो, त्याच्या मनात नसलं तरी. मग त्यानं उसाच्या दारूचा घोट तोंडात घ्यायचा, फवारायचा आणि म्हणायचं, "राग गेला, थंडावा येवो."

"राग नाही रे, नुसती दमलेय," असं आत्या सुरुवातीला सांगून बघायची. पण दमण्यावर चूळ नाही आपल्यात. मग ती एखादी हसिरा, म्हणजे रोजचा बारकासा राग, हुडकून काढायची. हसिरा काय, स्वस्त शब्द. शेळीनं शेंगा खाल्ल्या, हसिरा. शेजारणीनं पाटाचं पाणी वळवलं, हसिरा. नवरा घोरला तरी हसिराच. घदाबू, म्हणजे मोठा कोप, मात्र चर्चमधली, पाद्रीबाबांच्या तोंडची. ती फक्त देवाला परवडते.

त्या दिवशी आत्या मक्याचं वावर खुरपून नुकती टेकली होती, तोच धाकटा भाऊ रिघा दारूनं भरलेलं भोपळ्याचं कटोरं सांभाळत आला. मागून त्याची लेक वाकेशो, पदराखाली तान्हं.

"अक्का, पोरगी कालपासून अंगावर पीत नाही. नर्सबाईनं औषध दिलंय, वाट बघा म्हणाली. पण तुझं काही असेल तर..."

"माझं काय असणार? कंबर आहे माझी, दुखतेय."

"आत्या, बघ ना गं," वाकेशो म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

आत्यानं तान्ह्याकडे पाहिलं. ओठ सुकलेले, हनुवटी थेट आत्याच्या गेलेल्या आईची. तिला एकदम धास्तावल्यासारखं झालं. इतकी वर्षं शेळ्या-शेंगांचे राग फवारले. खरा एक होता, तो कधी बाहेर काढलाच नव्हता. त्यानंच बाधलं असेल तर?

"आण इकडे," ती म्हणाली. मोठा घोट घेतला. आणि काय सांगू, उन्हातून आलेली बाई, दारू थंडगार, गोड... गिळलीच तिनं.

रिघाचं तोंड उघडं ते उघडंच. "अक्का, गिळलीस?"

"तहान लागली होती."

"राग परत आत घातलास की गं."

वाकेशो रडायलाच लागली. आत्यानं कटोरं मांडीवर ठेवलं. आता खोटी शेळी चालणार नव्हती.

"रिघा, आई गेली तेव्हा मी वोईच्या खाणावळीत भांडी घासत होते. अर्ध्या दिवसाची वाट. सगळ्यांना निरोप गेला. मला माती झाल्यावर कळवलंस."

"तेव्हा पाऊस होता, रस्ता..."

"रस्ता बाकीच्यांना बरा होता."

रिघा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मग म्हणाला, "तू येऊन आरडाओरडा करशील, आईचा जीव शांतपणे जाणार नाही, असं वाटलं. तुझ्या रागाला सगळेच भ्यायचे, अक्का."

"एक भांडं फेकलं होतं रे मी. एक."

"आई दोनदा म्हणाली, वालेग्वा आली का."

हे मात्र आत्याला ठाऊक नव्हतं. तिनं घोट घेतला, या वेळी दातांशी धरून. आधी भावावर फवारला, सदरा भिजेपर्यंत, मग हलकेच तान्ह्याच्या पायांवर.

"ही घदाबू होती," ती म्हणाली. "हसिरा नव्हे. गेली. थंडावा येवो."

देवाचा शब्द तिच्या तोंडी ऐकून रिघा दचकला. भिजल्या सदऱ्यानं तसाच बसून राहिला.

उन्हं कलताना वाकेशोच्या पदराखालून चुटूचुटू आवाज यायला लागला. चुळीनं म्हणा, औषधानं म्हणा. आत्या ऐकत होती. मग तिथंच चटईवर आडवी झाली.

सकाळी शेजारीण दारात उभी. "वालेग्वा, माझी कोंबडी अंड्यावरून उठली गं. तुझं काही..."

"माझं संपलं," आत्या कूस बदलत म्हणाली. "रिघाला विचार. आता रागवायची त्याची पाळी."