मामांची जीभ आणि मस्कतचं जिंजर

माझ्या मामेसासऱ्यांइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नाही, असं मी गेली वीस वर्षं ज्याला त्याला सांगत आलो आहे. आणि अशा या माणसाच्या तोंडावर मी पहिल्याच भेटीत अर्धी बाटली जिंजर उडवलं होतं. प्रसंग मुलगी बघण्याचा होता. मुलगी आत होती, पोहे बाहेर होते आणि मी जळगावहून नवा बुशशर्ट घालून धुळ्याला आलो होतो. मुलीच्या मामांनी पिशवीतून ओल्या पंच्यात गुंडाळलेली जिंजरची, म्हणजे आल्याच्या सोड्याची, गोटीची बाटली काढली आणि मोठ्या विश्वासानं माझ्या हाती दिली. आपण शिकलेले आहोत हे दाखवायची तीच वेळ आहे असं मला का वाटलं कोण जाणे. मी औषधाची बाटली हलवावी तशी ती खळाखळा हलवली आणि अंगठ्यानं गोटी आत दाबली. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण चष्म्यावर फेस आला होता. चष्मा पुसून पाहतो तो मामांच्या परीटघडीच्या सदऱ्यावरून, टोपीवरून, मिशीवरून जिंजर ठिबकत होतं. मामांनी तोंड पुसलं नाही. आधी मिशीवरचं जिभेनं टिपलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "माल कालचा शे. पण जावईबापू, याले हालवतस नही." मग ओली टोपी भुवयांपर्यंत खाली ओढून ते आत गेले. आपलं लग्न मोडलं असं समजून मी पोहे तरी संपवून घेतले. पण पाच मिनिटांत सासरे हसत बाहेर आले, आणि मला बायको मिळाली.

मामा भूमापन खात्यात मोजणीदार होते. आयुष्यभर त्यांनी साखळी ओढून लोकांची शेतं मोजली, आणि एकदा त्यांनी हद्दीचा दगड रोवला की भाऊबंदसुद्धा भांडण टाकून चहा प्यायला जात. शिंदखेड्याकडं त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाच्या शेताची मोजणी निघाली, तेव्हा भावाचा बांध शेजाऱ्याच्या रानात तीन हात शिरलेला निघाला. मामांनी भावाच्या देखत तो मागं घ्यायला लावला. वहिनीनं त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं नाही. मामा म्हणाले, "वहिनी, भाकर नको देऊ, पण तीन हात ते तीन हातच." अशा माणसाला जगात एकच व्यसन होतं, आणि ते म्हणजे नानांचं जिंजर.

हे नाना म्हणजे मामांचे शाळेपासूनचे दोस्त. पांझरेच्या काठाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर हातानं फिरवायचं एक यंत्र, चिनी मातीच्या सहा बरण्या, आणि बाहेर एक लाकडी बाक. इतर सोडेवाले रंग-साखर घालून मोकळे होत. नाना मात्र आलं ठेचून गुळाच्या पाण्यात तीन दिवस बरणीत आंबवत, दोनदा गाळत, आणि मग बाटलीत भरून गॅस देत. तिसऱ्या दिवशी बरणीचं फडकं सोडलं की तो वास वाऱ्याबरोबर पार कोर्टाच्या आवारापर्यंत जातो आणि वकील तारीख मागून घेतात, असं मामा सांगत. मी वकिलांना विचारलं नाही. मामा सांगतात म्हणजे तसंच असणार.

मामा बाटली लगेच फोडत नसत. आधी ती कानाशी धरून हळूच वाकडी करत आणि गोटीचा आवाज ऐकत. मग झोपाळलेले डोळे, मग पहिला घोट, मग दीर्घ "हां". माल जरा जरी बिघडला असला, तर त्यांची डावी भुवई आपोआप वर चढे. ती त्यांच्या ताब्यात नव्हती. उजवी भुवई सरकारी नोकरीत होती, डावी स्वतंत्र होती. नाना त्यांच्या तोंडाकडं बघतच नसत, फक्त भुवईकडं बघत. आणि ती हलली की मुकाट्यानं सगळी बरणी गटारात ओतून देत. चाळीसगावला एका लग्नात कुणीतरी मामांच्या हाती मोठ्या कंपनीचं रंगीत थंड पेय दिलं. यजमानाचा मान म्हणून मामांनी ती बाटली अक्षता पडेपर्यंत हातात धरली आणि मग मांडवाच्या खांबाला बांधलेल्या केळीच्या बुंध्याशी ओतली. दुसऱ्या दिवशी ती केळ सुकली. तोडून बांधलेली केळ दुसऱ्या दिवशी सुकतेच, हे मी नम्रपणे सांगून पाहिलं. "मोजणी कोनी करेल शे? तू का मी?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

जळगावला आमच्याकडं येताना मामा चार बाटल्या आणत. एस.टी.त त्या ओल्या पंच्यासकट खिडकीच्या सीटवर बसत आणि मामा कडेला. पारोळ्याला गर्दी चढली की कंडक्टर म्हणे, "आबा, पिशवी मांडीवर घ्या." मामा म्हणत, "मांडी गरम राहस, भो. तू मले उभा कर, तिले बसू दे." आणि खरोखरच तिथपासून उभे राहून येत. घरी आल्यावर खरी परीक्षा आमची. गोटीची रिकामी बाटली नानांना परत न्यायची असे, त्यामुळं आपण पीत असताना मामा समोर बसून राहत. शेजारचे जोशी मास्तर एकदा घोट घेऊन बाटली हातात धरूनच राजकारणावर बोलू लागले. मामांनी अर्धा तास कळ काढली आणि मग म्हणाले, "मास्तर, सरकार पाच वरीस टिकस, गॅस पाच मिनिट."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं, तेव्हा ही बातमी आली. नानांची एकुलती एक मुलगी मस्कतला दिली होती. जावई तिकडं एका गोदामावर मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी नानांना पत्र लिहिलं की इथं उकाडा भयंकर, आपली माणसं चिक्कार, एक शेठ भागीदारीला तयार आहे. मामंजी, तुमचं जिंजर आपण मस्कतला काढू. बाकावरच्या रोजच्या मंडळींत दोन तट पडले. पोस्टातून निवृत्त झालेले आप्पा छाती फुगवून म्हणाले, "धुळ्याचं नाव समुद्रापार गेलं!" आयुष्यभर लोकांची परदेशी पत्रं वाटल्यामुळं, परदेश ही आपली खासगी बाब आहे असं त्यांना वाटे. कुणी म्हणालं, बाटलीवर धुळे लिहिलंच पाहिजे. कुणी म्हणालं, नाना आता आपल्याला ओळख देणार नाहीत. नाना समोरच फडकं पिळत होते.

मामा मात्र संतापले. "पांझरेचं पानी काय जहाजमा भरी लई जातीन का? तठलं पानी खारं शे! ते जिंजर नही होवाव!" पांझरेच्या पाण्याशिवाय जिंजर होणं अशक्य, यावर त्यांनी आपली सगळी मोजणीदारकी पणाला लावली. माझं अक्षर बरं म्हणून मला धुळ्याला बोलावून, 'माननीय जावईसाहेब, मस्कत' यांच्या नावे विनंती अर्ज लिहून घेतला. त्यावर तेवीस सह्या झाल्या. त्यातली एक आप्पांचीच होती, कारण कागदावर सही मागितली की करायची, ही त्यांची खात्यातली सवय. शिवाय निषेध म्हणून मामांनी तीन दिवस जिंजर सोडायचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता ते बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "निषेध पोहोचना व्हई. दे एक."

मस्कतचा कारखाना निघायचा तो निघालाच. सहा-सात महिन्यांनी सुटीवर आलेल्या एका माणसाबरोबर तिकडून चार बाटल्या आल्या. त्यांना गोटी नव्हती, पत्र्याचं बूच होतं. अरबी अक्षरं होती. ती बघून आप्पांनी "हे बघा, धुळे लिहिलंय," असं जाहीर केलं. बाटल्यांबरोबर पत्र होतं. चव आपल्यासारखी जमली असेल तर उत्तम, नाहीतर मामंजी, तुम्हालाच इकडं यावं लागेल. कागदपत्रं तयार ठेवली आहेत, चार-पाच वर्षं लेकीकडं राहा आणि बस्तान बसवून द्या.

नाना तेव्हा पासष्टीला आले होते. गुडघे गेलेले, बायको जाऊन दहा वर्षं झालेली. धरणगावच्या पलीकडं ते कधी मुक्कामाला राहिले नव्हते. पण जावयाला नाही कसं म्हणायचं? ते जन्मात जमलं नसतं. मामांना म्हणाले, "मी नही चाखत. मना मनना भरोसा नही. तू चाख. तू जे सांगशी तेच जावाईले लिखसू." एवढंच. मला जा म्हण किंवा राहू दे म्हण, असं काही नाही.

रविवारी सकाळी बाक भरला. जळगावचा तिऱ्हाईत माणूस म्हणून ओतायचं काम माझ्याकडं आलं. बाटली न हलवण्याची शपथ घेऊन मी ते पत्करलं. शेडच्या आत दोन सारखे पेले भरले, उजवा नानांचा, डावा मस्कतचा, आणि खूण म्हणून मस्कतच्या बाटलीचं बूच डाव्या खिशात ठेवलं. मामा कडक इस्त्रीची टोपी घालून बसले होते. गोटी ऐकायला नाही म्हणून आधीच नाराज होते. कुणाच्याही मनात निकालाबद्दल शंका नव्हती. आप्पांनी तर मामांसमोर आपली हार आगाऊ कबूल करून ठेवली होती.

उजव्या पेल्याचा घोट घेतला. डोळे मिटले. "हां."

डाव्या पेल्याचा घोट घेतला. मी अगदी समोर उभा होतो. मामांची डावी भुवई वर निघाली. अर्ध्या वाटेवर आली असेल नसेल, तेवढ्यात मामांनी टोपी दोन्ही हातांनी धरून खाली ओढली, ती थेट डोळ्यांपर्यंत. टोपीखालून त्यांनी नानांकडं पाहिलं. नाना यंत्राशेजारी पाठमोरे उभे होते आणि हातातली रिकामी बाटली उलटी करत होते, सुलटी करत होते, पुन्हा उलटी करत होते. गोटी टुणटुण वाजत होती.

"दोन्ही एकच शे," मामा म्हणाले. "फरक नही. लिखी टाक जावाईले, तुना तठे जावाना काम नही."

बाकावर असा गदारोळ झाला की पांझरेतले बगळे उडाले. आप्पा ओरडले, "अहो, मग तुमचं पांझरेचं पाणी?"

मामा म्हणाले, "मी चुकनू."

साखळी हातात धरल्यापासून मामांनी हे दोन शब्द उच्चारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. नाना वळले नाहीत. त्यांच्या हातातली बाटली मात्र थांबली. मंडळी पांगल्यावर मी आत जाऊन डाव्या पेल्यातला उरलेला घोट घेतला. खोकल्याच्या औषधात धुण्याचा सोडा कालवला तर जे होईल, ते मस्कतमध्ये बाटलीत भरून विकत होते. तिकडच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं म्हणे. त्यांनी नानांचं प्यायलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवसापासून मामांची जीभ धुळ्यात चेष्टेचा विषय झाली. कुणीही ताकाचा पेला पुढं करून विचारी, "मामा, हे जिंजर आहे का बघा बरं." मामा पीत आणि म्हणत, "व्हई, जिंजरच शे," आणि सगळ्यांबरोबर हसत. आपल्या जिभेबद्दल पुन्हा ते कधी एक शब्द बोलले नाहीत. नानांनी मात्र त्यानंतर सहा वर्षं जिंजर काढलं, आणि रोजची पहिली बाटली मामांच्या हाती दिली. मग एका उन्हाळ्यात नाना गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात मामा. शेडच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे. मामांच्या घरी माळ्यावर मला एक गोटीची बाटली सापडली. परत करायची राहिलेली, बहुतेक एकुलती एक. ती मी जळगावला घेऊन आलो. येताना खिडकीच्या सीटवर बसवून आणली.

त्या संध्याकाळी मी बायकोला भुवईची आणि टोपीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. इतकी वर्षं ती मी कुणालाच सांगितली नव्हती. म्हटलं, "तुझे मामा आयुष्यात एकदाच खोटं बोलले."

तिनं बाटली कानाशी धरून हळूच वाकडी केली.

"दोनदा," ती म्हणाली. "आपल्या वेळी मामा ओल्या सदऱ्यानं आत आले, तेव्हा बाबांनी विचारलं होतं, मुलगा हुशार वाटतो का. मी दाराशी उभी होते, मामांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग टोपी पुन्हा भुवईवर ओढून म्हणाले, फार हुशार शे."