मावशीनं धरलेला फोन

"आई न्हाणीत घसरून पडली, त्यातच गेली." घाटंजीहून मावशीच्या मुलाचा, प्रकाशचा, फोन आला. चाळीस वर्षं ज्या न्हाणीत तिनं धुणं धुतलं, तिथं ती घसरेल? मला राग आला, आणि पहिला माझाच आला.

लहानपणी ती मला शेतात न्यायची. दोन्ही हातांनी झपाझप कापूस वेचायची आणि मला चिडवायची, "तुह्या हातानं तं बोंडच रडून राह्यलं, पोरी." पुढं मी थेरपिस्ट झाले. दुखण्यानं पडलेले म्हाताऱ्यांचे हात पुन्हा रोजच्या कामाला लावायचे, ही माझी नोकरी. खेड्यातल्या पेशंटना यवतमाळहून व्हिडिओ कॉलवर बघते. बोंडअळीनं कपाशी पार खाल्ली त्या वर्षी काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, लकवा मारला आणि उजवा हात पडला. किडक्या बोंडातली सरकी चिमटीनं काढायचा व्यायाम तीन महिन्यांनी मी त्यांना दिला. तसली बोंडं घरात ढिगानं होती. मावशी फोन धरायची, त्या हातावर. तिचं तोंड मला दिसायचं नाही... एकदा तिनं हळूच विचारलं, "पहिल्यासारखा होईन का वं त्याईचा हात?" मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, होईल की. ती गप्प झाली. मला वाटलं, गहिवरली. काय अक्कल माझी!

पाचव्या आठवड्यात काकांनी चहाचा पेला उचलला. मी टाळी वाजवली. "थंडा चहा देते मले," म्हणत त्यांनी तो तिच्यावर फेकला. फोन पडला. पडद्यावर नुसते छताचे टिन, आणि आवाज. धप्. पुन्हा धप्. मी ओरडत राहिले, "काका, सोडा तिला." मग मावशीनं फोन उचलला.

"काही नाही वं. रेंज गेलती."

"मारलं ना तुला?"

"नवं हाये का ते? हात पडला होता, तेवढे चार महिने मी बिनघोर झोपली."

आईला सांगितलं. ती म्हणाली, या वयात तिला कुठं नेतेस? मीही गप्प बसले. वहीत लिहिलं, 'पकड चांगली', आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा कॉल लावला. हे मी केलंय.

तेरवीनंतर प्रकाश म्हणाला, "ताई, बाबाचा व्यायाम सुरू कर ना. दोन बोटं अजून वळत नाही." कॉल लागला. तोच हात, सरकी काढणारा. फोन कोणी धरलाय ते दिसेना. बांगड्या तेवढ्या वाजल्या. प्रकाशची बायको असणार.

"वैशाली, फोन तुझ्याकडं फिरव."

मग तिनं फिरवला. ओठ फुटून सुजलेला होता.

"कपडे भर पिशवीत," मी म्हटलं. "मी तुला न्यायला येऊन राह्यली."