झुळूकपूरचा चिंचोका

गेल्या मे महिन्यात माझं दिवाळं निघालं, आणि तेही चिंचोक्यांत.

मी वाळूजच्या एका कारखान्यात लोकांचे पगार काढतो. कोणाला किती द्यायचे, कशाबद्दल द्यायचे आणि कापायचे किती (हा माझा आवडता भाग!) हे मला झोपेतही सांगता येतं. अडचण झोपेचीच होती. मी रजा काढली होती ती कुठं थंड हवेला जायला नव्हे, तर गारखेड्यातल्या आमच्या घरी, हॉलमधल्या एकुलत्या एका कूलरसमोर दुपारभर आडवं पडायला. वर्षभर मी या एकाच सुखाच्या आशेवर दिवस काढले होते.

पहिल्याच दुपारी उशी काखेत मारून हॉलमध्ये आलो, तर कूलरसमोरच्या गादीवर आमची लेक मनू मांडी घालून बसलेली. तिसरीतून चौथीत गेलेली, पण चेहरा कलेक्टरचा.

"बाबा, तिकीट?"

"कसलं तिकीट?"

"ही होडी आहे. झुळूकपूरला जाते. माणशी पाच चिंचोके."

झुळूकपूर कूलरच्या जाळीपलीकडं होतं, असं समजलं. तिथं रस्ते पाण्याचे. घरं ढगांवर बांधलेली, त्यामुळं वारा सुटला की अख्खी गल्ली हळूच दुसऱ्या पेठेत सरकायची आणि लोक खिडकीत बसून नवे शेजारी बघायचे. चंद्र मोसंबीएवढा. सोलून खाल्ला तरी दुसऱ्या दिवशी नवा यायचा. भाव वीस चिंचोके. लहान ढग दोनाला, आत पाऊस भरलेला असेल तर तिनाला. बाहेर ऊन रस्ता भाजत होतं आणि ही पोरगी डोळे अर्धे मिटून सांगत होती. मला उभ्या उभ्याच गार वाटायला लागलं.

"आणि हे चिंचोके मिळवायचे कसे?"

"पगार असतो ना! स्वप्न बघायचं, येऊन सांगायचं. मी पगार देते."

"आणि काम केलं तर?"

"कामाचे तिथं पैसे नसतात, बाबा. काम काय, कुणीपण करतं."

म्हणजे बघा! स्वप्नाला झोप हवी, झोपेला कूलर हवा, कूलरला तिकीट हवं आणि तिकिटाला स्वप्न! मी निमूटपणे आतल्या खोलीत, गरम हवा खाली ढकलणाऱ्या पंख्याखाली जाऊन पडलो. घामाघूम होऊन डुलकी लागली. स्वप्नात ऑफिस दिसलं.

"असलं चालत नाय," मनू म्हणाली. "यात पाणीसुद्धा नाय."

मग मात्र माझ्यातला पगारवाला जागा झाला. दुसऱ्या दिवसापासून मी स्वप्नं रचू लागलो. बीबी का मकबऱ्याचा घुमट फुग्यासारखा वर गेला आणि दोरी माझ्या हातात होती. (चार चिंचोके!) गारखेड्यात समुद्र आला आणि आमच्या नळाला रोज पाणी येऊ लागलं. ("हे जरा जास्तच होतंय," मनू म्हणाली, पण पाच दिले.) तिचा कारभार फारच भोंगळ वाटला, म्हणून मी तिला रीतसर नियमही करून दिले. उडण्याच्या स्वप्नाला जादा दर, पडण्याच्या स्वप्नाला निम्मा, परीक्षेच्या स्वप्नाला दंड. आणि बोलण्याच्या भरात, हाडात भिनलेली सवय म्हणून, एक कलम ठोकून दिलं: "होडी चालवणारा कामावर झोपला, तर त्याचा सगळा पगार कापायचा."

"होडी कोण चालवतं?" मनूनं विचारलं.

"कूलरमध्ये पाणी भरतं तो!"

पाणी तेव्हा माझी बायको वर्षा भरत होती. ती ड्रममध्ये बादली बुडवता बुडवता थांबली.

"अहो, मला दुपारी डोळा मिटायला वेळ मिळत नाही. मग मला पगारच नाय का?"

"नियमात बसत नाही गं," मी प्रेमानं सांगितलं.

ती काही बोलली नाही. वीस वर्षं पगार काढतोय, गप्प बसणाऱ्या माणसाला घाबरावं हे मला कळायला हवं होतं. त्या संध्याकाळी चहाचा भाव सहा चिंचोके झाला. पोळी दोन, भाजी वेगळी!

तरी मी डगमगलो नाही. अर्धपोटी राहून साठवलं. रजेच्या शेवटच्या दिवशी अख्खी होडी, दुपारभर, एकट्यासाठी, असा सौदा मनूशी ठरवला आणि त्यापुरते चिंचोके डब्यात जमवले. डबा हलवून बघायचो. आवाज ऐकूनच झोप यायची.

शेवटच्या दिवशी सकाळी वैजापूरहून सासूबाई आल्या. बरोबर चिंचेचं पोतं!

"जावईबापू, औंदा झाड लई लागलं. म्हणलं, आमच्या वर्षीला वर्षभराची चिंच इथंच फोडून देऊ."

मायलेकी हॉलमध्ये बसल्या. चिंच एकीकडं, चिंचोके परातीत. टप, टप, टप. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत घरात टांकसाळ सुरू झाली! पहिली परात भरली. दुसरी भरली. वर्षानं ती मनूपुढं सरकवली.

"तिकीट कितीला म्हणालीस?"

मनूनं परातीकडं बघितलं, माझ्या डब्याकडं बघितलं. "आता माणशी एक परात."

"आणि माझा सौदा?" मी ओरडलो. "या डब्यात काय येतं?"

तिनं खरंच विचार केला. "दारात झोपा. तेवढ्या पैशात कूलरचा आवाज येतो. वारा नाही."

सासूबाई हसून हसून बेजार झाल्या. मग कूलरसमोर हात धरून म्हणाल्या, "व्हय गं मने, मला बी ने की तुझ्या गावाला. जरा पाठ टेकते."

त्यांना लगेच झोप लागली. थोड्या वेळानं पदर सारखा करत उठून बसल्या.

"काय दिसलं, आजी?"

"तुझं आजोबा दिसलं. पाण्यात पाय सोडून बसले व्हते. म्हणले, इथं लई गार हाय, पण तू घाई करू नको."

मनूनं सगळे चिंचोके, माझ्या डब्यासकट, आजीच्या ओटीत ओतले. मी कूलरकडं तोंड फिरवलं. (डब्यामुळं नाही. बरं, थोडं डब्यामुळंही.)

"आता तू, आई," मनू म्हणाली. वर्षा आडवी झाली आणि त्या सुट्टीत पहिल्यांदा दुपारी झोपली. तोंड किंचित उघडं, हाताला चिंच लागलेली. किती थकली होती ती, आणि मी तिला नियम सांगत होतो! मला खरंच वाईट वाटलं. उठल्यावर म्हणाली, "काहीच दिसलं नाही गं. नुसती झोपले."

"हे सगळ्यात महाग स्वप्न आहे," मनूनं जाहीर केलं आणि तिला चंद्र दिला, न सोललेला.

मग तिघी ओळीनं झोपल्या. कूलर घरघरला, कोरडा पडला. बादली उचलायला मीच उरलो होतो. पाणी ओतलं, शेजारी टेकलो, उरलेली चिंच फोडायला घेतली. कूलरच्या जाळीतल्या ओल्या गवताचा वास येत होता. कधी डोळा लागला कळलं नाही. आणि मी खरोखर झुळूकपुरात पोचलो! होडी सरकत होती, घरं हळूच जागा बदलत होती, सासरे लांबून हात करत होते, आणि माझ्या हातात वल्हं होतं. काही रचावं लागलं नाही.

उठल्या उठल्या मनूला हलवलं. "खरं स्वप्न, मने! पाणी आहे, ढग आहेत, आजोबा आहेत. काढ पगार!"

मनूनं एक डोळा उघडून कूलरकडं बघितलं. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

"होडी कोण चालवत होतं?"

मी उत्तर देण्याआधी वर्षा डोळे न उघडताच म्हणाली, "सगळा कापायचा गं. कलम त्यांचंच आहे."