काणी शोधणारे साडू

पिकावर रोग पडावा म्हणून मनापासून झटणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो नेमका आमचा साडू निघाला. अकोल्याला ते ज्वारीचे नवे वाण तयार करायचे. ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते, ती काणी. बियाण्याला चिकटून ती शेतात येते. शेतकरी तिच्या नावानं बोटं मोडतो. साडू मात्र चांगल्या बियाण्याला ती स्वतःच्या हातानं चोळून पेरायचे, आणि एवढं करूनही जे ताट निरोगी राहील त्याच्या प्रेमात पडायचे. माझ्या पहिल्या दिवाळसणाला मी त्यांच्याकडच्या पावडरच्या डब्याला हात लावला, तर मेव्हणीबाई किंचाळल्या, "ठेवा तो खाली! त्यात काणी भरली हाये यायनं!" पुतणीच्या साखरपुड्यात तर साडूंनी खिशातलं काळं कणीस काढून वरपित्यालाच विचारलं होतं, "कसं भरलं हाये, नाई?" तरी ते लग्न झालं.

सगळी नोकरी खर्ची घालून त्यांनी काणी न लागणारी ज्वारी काढली, आणि तोवर लोकांनी ज्वारी पेरणंच सोडलं. जिकडे तिकडे सोयाबीन. आता निवृत्तीनंतर ते बियाणं जिवंत राहावं म्हणून परसात दरवर्षी चार ओळी लावतात आणि बारशाला, वास्तूला त्याच्या पुड्या आहेर म्हणून देतात. लोक हसून घेतात आणि चिमण्यांना टाकतात. हे साडूंना ठाऊक आहे, म्हणून मला फार वाईट वाटतं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना गाडीवर मागे बसवून अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरकडे निघालो होतो. एकदम त्यांनी माझा खांदा धरला. "थांबवा, थांबवा!" कपाशीच्या कडेला ज्वारीची एक चिंचोळी पट्टी उभी होती. साडू धावतच आत शिरले आणि एक काळं कणीस हातात धरून हसू लागले.

शेतातली बाई पुढे आली. "माह्या ज्वारीले रोग लागला, अन् तुमी हासून काहून राहिले?"

"काणी हाये म्हंजे ज्वारी पेरणारं कोणी हाये अजून, माय!" साडूंनी खिशातली पुडी तिच्या हातावर ठेवली. "हे पेरजा पुढच्या साली. याले काणी नाई लागत."

तिनं एक दाणा दाताखाली फोडून पाहिला. "भाकर कशी होते याची?"

काणीवर तासभर बोलणाऱ्या आमच्या साडूंनी चष्मा काढला. इतक्या पुड्या वाटल्या, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. ते काचा पुसत राहिले.

"मऊ होते," शेवटी म्हणाले, "दुसऱ्या दिवशीबी मऊ."

बाईनं पुडी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. परतताना अमरावतीपर्यंत साडू काणीविषयी एक शब्दही बोलले नाहीत.