स्वरांची होडी आणि जनार्दनचा वडापाव

शाळेतून रिटायर झाल्यावर मी उरणला दुपारचा इंग्रजी बोलण्याचा क्लास काढला. शाळेत उभ्या नोकरीत जमले नाहीत तेवढे किस्से इथे तीन वर्षांत जमले. मोठी माणसं प्रश्न विचारायला घाबरत नाहीत, म्हणून असेल. आणि व्याकरणाच्या दिवशी काही घडत नाही बरं का! जे काय घडतं ते स्वर शिकवताना, कारण तेव्हा सगळ्यांना तोंड उघडावं लागतं.

* * *

हिराताई जवळच्या करंजा गावच्या. बाजारात मासे विकतात. त्यांच्या नाती आजीला कळू नये म्हणून आपसांत इंग्रजीत बोलतात, एवढ्यासाठी त्या क्लासला आल्या.

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर स्वरांचा तक्ता काढला. पुढची बाजू तिरकी, मागची सरळ, वरची लांब, खालची आखूड.

"मॅडम, ही तर होडी हाय."

मी मागे सरकून पाहिलं. खरंच होडी! इतकी वर्षं ती आकृती काढत होते आणि मला त्यात होडी कधी दिसली नव्हती.

मग होडीतच शिकवलं. जिभेचा पुढचा भाग टाळूकडे चढला की आवाज होडीच्या पुढच्या टोकाला, 'सी'मधला. मागचा भाग चढून ओठ गोल झाले की मागच्या टोकाला, 'टू'मधला. जीभ तळाला निजली आणि जबडा उतरला की 'कार'मधला. 'अबाउट'मधला पहिला स्वर मात्र अगदी मधोमध. जीभ ना पुढे ना मागे, ना वर ना खाली.

"मधी बसून कायच करत न्हाय, मंजे तो होडीचा मालक," हिराताई म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्याकडे त्या स्वराला मालकच म्हणतात. मीसुद्धा.

* * *

नीलेश बंदराच्या यार्डात आहे. कुठला कंटेनर कुठे ठेवायचा ते तो सांगतो. त्याला वेगळंच सुचलं. जीभ किती वर, किती पुढे, ओठ गोल की ताणलेले, एवढं कळलं की आवाज सापडतो; कंटेनरही असाच सापडतो, ब्लॉक, रांग आणि थर सांगितला की झालं.

मग त्याने तक्त्यावर बोट ठेवलं. जीभ 'सी'ची आणि ओठ 'टू'चे, असं केलं तर तिथे कोण राहतं? मी म्हटलं, इंग्रजीत कोणी नाही, फ्रेंचमध्ये आहे.

"म्हणजे स्लॉट आहे, माल नाही," नीलेश म्हणाला.

आठवडाभर तो घरी तो आवाज काढायच्या मागे होता. जमला त्याला. आईने मात्र दाढ दुखतेय समजून लवंग आणून दिली.

* * *

जनार्दन ट्रेलर चालवतो. गालात कायम सुपारी-तंबाखूचा मावा. त्याला यार्ड सुपरवायझर व्हायचं होतं आणि इंटरव्ह्यू इंग्रजीत होता, म्हणून तो आला. माझा नियम आहे, ओठांचा अभ्यास आरशात बघूनच करायचा. जनार्दनला वेळ मिळायचा तो बंदराच्या गेटच्या रांगेत, आणि आरसा होता ट्रेलरचाच. तो त्यात बघून ओठ गोल करायचा, ताणायचा, परत गोल करायचा. गेटवरच्या वॉचमनला वाटलं, हा आपल्याला चिडवतोय. तक्रार वर गेली.

शेवटी मी चिठ्ठी दिली, 'सदर इसम ओठ गोल करण्याचा अभ्यास करत आहे, कृपया सहकार्य करावे.' वॉचमनने म्हणे ती घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "आज कुठला?"

या जनार्दनची एक सवय आम्हाला फार आवडायची. चहाबरोबर वडापाव आला की आम्ही तुटून पडायचो. हा मात्र लाल चटणी झटकून टाकायचा आणि पावाचे बारीक तुकडे करून खायचा. काय रीतभात आहे, असं मी एकदा सगळ्यांसमोर कौतुकही केलं होतं.

* * *

'कार'च्या स्वरासाठी मी दोन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालायला सांगते. जबडा तेवढा उतरायला हवा. सगळ्यांची दोन गेली, हिराताईंची तीन. जनार्दनचं एकच गेलं.

सगळे हसले, तोही हसला. पहिल्यापासून असंच आहे म्हणाला. मला हसू आलं नाही. ते बारीक तुकडे आठवले, झटकलेली चटणी आठवली, आणि आपण कशाचं कौतुक करत होतो ते कळलं. मावा खाणाऱ्यांची तोंडं हळूहळू आखडत जातात, तिखट सोसत नाही, आणि पुढे त्याहून वाईटही होऊ शकतं. मी त्याला बाजूला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून जनार्दन क्लासला यायचा बंद झाला. फोनही उचलेना.

* * *

चौथ्या दिवशी हिराताई बाजार आटोपून थेट गेटवर गेल्या आणि रांगेतल्या ट्रेलरसमोर उभ्या राहिल्या.

"जना, मासा ताजा हाय का ते गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतं. मी उघडू दिला न्हाय तर मासा घेल का कोन? उतर खाली, तुजा कल्ला दाखवून येऊ."

वॉचमनने चिठ्ठी न मागता ट्रेलर बाजूला लावायला जागा दिली.

डॉक्टर म्हणाले, आ करा. जनार्दनने विचारलं, "कुठला? पुढचा का मागचा?" डॉक्टर हसले. मग त्यांनी बॅटरी लावून आत पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. पण वेळेत आलात म्हणाले. मावा आजपासून बंद, आणि रोज दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या धरून तोंड उघडायचा व्यायाम. सोसेल तशी एकेक काडी वाढवायची.

जनार्दन क्लासला परत आला, खिशात काड्यांचा जुडगा घेऊन. व्यायाम करताना डोळ्यांतून पाणी यायचं. नीलेश रोज विचारायचा, "आज कितवा थर?" इंटरव्ह्यू झाला, नोकरी दुसऱ्याला मिळाली. जनार्दन काड्या वाढवत राहिला.

गेल्या शनिवारी चहाबरोबर वडापाव आले. जनार्दनने आपला उचलला. तुकडे केले नाहीत, चटणीही झटकली नाही. दोन्ही हातांनी धरला आणि फळ्यावरच्या होडीकडे बघितलं. 

"मॅडम," तो म्हणाला, "कार."

आणि घास घेतला.