दोन गाण्यांच्या मधला माणूस

दर महिन्याला मी गाण्यांची एक यादी करतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. कुणी सांगितलेलं नाही. कुणी न सांगितलेली कामं मी फार मन लावून करतो. यादीला नावही मराठी महिन्याचं: चैत्राची यादी, श्रावणाची यादी. ऐकतं कोण, हे मी विचारत नाही. बायकोने एकदा विचारलं होतं, तेवढं पुरे झालं.

भाद्रपदाची यादी माझी विशेष आवडती. पाऊस तेव्हा जायला निघालेला असतो आणि जात नसतो, दारात चपला घालून गप्पा मारत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. अशा हवेत मला काहीही कशाशेजारीही चालतं. सनईच्या पाठोपाठ परदेशी ट्रंपेट, मग अहिराणी लग्नगीत, मग कव्वाली, मग कुठल्याशा बेटावरचे ढोल. मध्येच देवळाली कॅम्पात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या फर्माइशीचा फौजी बँड. तिच्या मते माझी यादी म्हणजे चिंच विसरलेली भेळ.

शेवटचं गाणं मात्र कायम ठरलेलं. ते नानांचं. नाना म्हणजे आमचे वडील, सातपूरच्या एका कारखान्यात निवृत्त होईपर्यंत लेथवर उभे राहिलेले. गाणं म्हणजे वरातीत घोड्यापुढे बँडवाले वाजवतात तसला निव्वळ धिंगाणा. पहिल्या पाळीला निघताना दाढी करत नाना ते गुणगुणायचे, तेवढ्यात हमखास हनुवटी कापून घ्यायचे. यादीतलं बाकी सगळं ते माझं मन मोडू नये म्हणून सोसायचे. ॲप फुकटातलं, त्यामुळे दोन-तीन गाणी झाली की जाहिरात लागायची. एक माणूस खणखणीत आवाजात विचारायचा, "गुडघेदुखीने हैराण आहात का?"

"आहे ना बाबा. बोल पुढं," नाना खुर्चीतून म्हणायचे. आणि मग माझ्याकडे वळून, "तुझ्या यादीत हा एकच माणूस काय बोलतो ते कळतं."

यंदा नानांचं वर्षश्राद्ध उन्हाळ्यात झालं, आणि भाद्रपदात त्यांचा पहिला पक्ष आला. मी नेहमीप्रमाणे यादी टाकली. ताईचा लगेच मेसेज: "पित्रांच्या पंधरवड्यात वरातीचं गाणं? लोक काय म्हणतील!" ग्रुपवर लोक म्हणजे आम्हीच. तरी मी ते गाणं काढलं. ताईने सांगितलं की मी ऐकतो. नाही ऐकलं तर ती पुन्हा सांगते.

पक्षाच्या दिवशी स्वयंपाक झाला, नैवेद्य झाला आणि नानांच्या नावाचा घास घेऊन आम्ही बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो. खीर, भात, कढी, भरड्याचे वडे, कुरडई. मी, बायको, ताई आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर आई. आईने मधुमेहाची गोळी सकाळीच घेऊन टाकली होती, आणि कावळा घासाला शिवल्याशिवाय ती जेवणार नव्हती.

कावळा होता. एकच. पाण्याच्या टाकीवर तो आमच्याकडे पाठ करून बसला होता. पंधरवडाभर नाशकात कावळ्यांना काही कमी नसतं. गोदाकाठी देशभरातून लोक पित्रं घालायला येतात. तिथलं पंचपक्वान्न सोडून आमच्या गच्चीवर येणारा हा एकटाच, म्हणून मी जरा अदबीनेच "काव काव" केलं.

"असं काय, लाजल्यासारखं?" ताई म्हणाली. "मोठ्याने बोलाव."

मी मोठ्याने बोलावलं. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

"काहीतरी राहिलंय त्यांच्या मनात," ताई म्हणाली आणि तिने हात जोडले. "नाना, आईला मी माझ्याकडे घेऊन जाते, काळजी करू नका."

"मी कुठेही येणार नाही," आई म्हणाली.

कावळ्याने पंख साफ केला. मग मी पुढे झालो. "नाना, तुमची स्कूटर मी विकणार नाही."

"विकत घेणार कोण होतं?" बायको पुटपुटली. मग तिचं लक्ष आईकडे गेलं आणि तिचा आवाज बदलला. "अहो, आईंचे हात बघा."

आईचे हात थरथरत होते. कपाळावर घाम आला होता. बायकोने पदराला बांधून आणलेली खडीसाखर पुढे केली. आईने तोंड फिरवलं.

"आई, एक खडा. औषध म्हणून."

"ते जेवले नाहीत अजून."

मी टाकीच्या शिडीवर दोन पायऱ्या चढलो, उतरलो. कावळ्याला हाताला धरून आणता येत नाही आणि आईला घास भरवता येत नाही. या दोघांच्या मध्ये मी पन्नाशीचा माणूस, हातात फोन घेऊन उभा.

"त्यांचं गाणं कुठंय?" आईने अचानक विचारलं. "या महिन्यात लागलंच नाही."

मी ताईकडे पाहिलं.

"तू काढलंसच कशाला?" ताई म्हणाली.

मी गाणं शोधलं आणि आवाज पूर्ण वाढवून लावलं. बँडचा पहिला दणका बसला आणि कावळा उडाला. समोरच्या बिल्डिंगच्या डिशवर जाऊन बसला. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकू आमच्या घासाकडे आणि माझ्या फोनकडे आळीपाळीने बघायला लागल्या. बंद करावं तर आई डोळे मिटून ऐकत होती. मी अख्खी वरात हातात धरून उभा राहिलो.

गाणं संपलं. आणि मग तो खणखणीत आवाज: "गुडघेदुखीने हैराण आहात का?"

कावळा सरळ आला, कठड्यावर टेकला, वडा उचलला आणि गेला.

"आहेत ना," आई हळूच म्हणाली, आणि तिने खडीसाखरेसाठी हात पुढे केला.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. हात धुताना मला म्हणाली, "जाहिराती बंद करायचे पैसे भरणार होतास ना दिवाळीला? भरू नकोस."

नाही भरले. आता आश्विनाची यादी चालू आहे, आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालंय. आई रोज संध्याकाळी कव्वाली ऐकते, ट्रंपेट ऐकते, बेटावरचे ढोलसुद्धा ऐकते. गाणं संपलं की हात वर करते, म्हणजे कुणी बोलायचं नाही.

पण त्या दिवसानंतर गुडघेवाला लागलेलाच नाही. कधी बाथरूमच्या फरश्या लागतात, कधी कर्ज हवंय का म्हणून एक मुलगी विचारते. गाणी निवडणं माझ्या हातात आहे. जाहिरात निवडणं नाही. हे मी आईला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"आज नाही आला का?" काल तिने विचारलं.

"उद्या येईल," मी म्हणालो, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून लावली.